तीन चिंचोके आणि सहा चौकटी

"काका, बाबा उठून नाही राह्यले..."

रोशनीचा फोन आला तेव्हा रविवारचे सव्वाआठ वाजले होते आणि मी दिग्रसला घरच्या ओट्यावर चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. मला वाटलं, रविवार आहे, झोपू दे की माणसाला. तसं मी म्हणालोही बहुतेक. ती पुन्हा तेच म्हणाली, तेवढ्याच आवाजात. बाबांनी दूध तापत ठेवलं होतं, खुर्चीत बसले होते, दूध उतू गेलं तरी उठले नाहीत. मागून वहिनींचा आवाज आला आणि फोन बंद झाला. माझ्या हातात लाल पेन तसंच होतं. समोरच्या पेपरवर दिलेले मार्क मी खोडले होते आणि शेजारी पुन्हा तेवढेच मार्क लिहिले होते, हे मला चार दिवसांनी पेपर वाटताना दिसलं. देविदास चव्हाण, वय चोपन्न. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखूला हात न लावलेला आणि रोज सकाळी गोधनी रोडला तासभर चालणारा माणूस. बसमध्ये बसून यवतमाळ येईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की रोशनीच्या बोलण्यात काहीतरी राहून गेलं असेल.

आज पाच आठवडे झाले. धक्का हळूहळू ओसरतो म्हणतात. माझा ओसरला नाही. उलट मधल्या काळात दुसरा एक धक्का त्याला येऊन मिळाला, आणि तो माझ्याच हस्ताक्षरात होता. त्याबद्दल लिहायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे, पण त्याआधी देवा कोण होता ते सांगायला हवं.

आम्ही त्याला देवाच म्हणायचो. दिग्रसपासून आठेक किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर हिंडले, बापाने शेती केली आणि देवा यवतमाळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागला. मी कुणब्याचा, गावात आमची तूर-सोयाबीनची शेती, आणि दिग्रसच्या ज्युनिअर कॉलेजात गणिताचा मास्तर. यवतमाळला होस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तो शांत, मी तोंडाळ. तो एकच गोष्ट चार-चार दिवस मनात घोळवायचा आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. तरीही आमचं जमलं, कारण आम्हा दोघांनाही एकाच गोष्टीचं वेड होतं, आणि ते वेड त्याने मला त्याच्या आईच्या हातावर दाखवलं होतं.

त्याच्या आईला तांड्यात सगळे याडी म्हणतात. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आईच. पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा याडी कशिद्याची पट्टी भरत बसली होती. आरसा, कवडी, लाल फुली, पुन्हा आरसा. भरलेला एक भाग आणि नंतरचा दुसरा भाग तंतोतंत सारखा आहे का हे ती कसं बघत होती? एका हाताचं बोट जुन्या भागाच्या सुरुवातीला, दुसऱ्या हाताचं नव्या भागाच्या सुरुवातीला. दोन्ही बोटं बरोबर पुढे सरकायची. इकडे आरसा, तिकडे आरसा. इकडे कवडी, तिकडे कवडी. मी आगाऊपणे विचारलं की किती टाके झाले ते मोजत का नाही. ती म्हणाली, "मोजायचं कायले? बोटं सांगतात." देवा कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत हसत होता. परतीच्या वाटेवर तो म्हणाला की आपल्याला पुढच्या महिन्यात जो धडा आहे ना, तो हाच आहे.

तो धडा अशा यंत्राचा होता ज्याची आठवण अगदी मोजकी असते. इंग्रजीत त्याला फायनाइट ऑटोमॅटन म्हणतात. एक लांब पट्टी, तिच्यावर चिन्हांची ओळ, आणि एक वाचणारं डोकं. ते एकेक चिन्ह वाचत पुढे जातं आणि शेवटी एवढंच सांगतं की ओळ चालते किंवा चालत नाही. अशा यंत्राला सांगा की आधी काही लाल टाके असतील, मग निळे, आणि दोन्ही सारखेच आहेत का ते बघ. त्याला जमत नाही. लाल किती झाले हे लक्षात ठेवायला त्याच्याकडे जागाच नाही. पण त्याला दुसरं डोकं द्या. एक डोकं आधी निळ्यांच्या तोंडाशी जाऊन उभं राहील, मग दोघं एकेक पाऊल टाकतील, आणि काहीही लक्षात न ठेवता उत्तर येईल. आठवण तेवढीच, फक्त वाचणारे दोन झाले. मला हे वाचून नुसतं बरं वाटलं होतं. देवाला मात्र झोप लागली नव्हती.

त्यातली एक गोष्ट त्याला सगळ्यात जास्त हलवून गेली. एकट्या डोक्याला मागे यायची मुभा दिली, हवं तितक्या वेळा मागेपुढे फिरू दिलं, तरी त्याची ताकद तसूभरही वाढत नाही. जे एका फेरीत कळत नाही ते शंभर फेऱ्यांतही कळत नाही. हे सिद्ध झालेलं आहे, आम्ही ती सिद्धता घोकून पेपरात उतरवली आहे. देवा मात्र खोलीत येरझाऱ्या घालत म्हणत होता, "एकट्यानं कितीबी घोटलं तरी तेवढंच, लेका. दुसरं कोणी पाह्यजेच." मी त्याला म्हणालो, मग लग्न कर. त्याने उशी फेकून मारली होती.

पुढे दोघंही मास्तर झालो. निकालाच्या दिवसांत तो यवतमाळहून माझ्याकडे यायचा किंवा मी जायचो, आणि आम्ही गुणपत्रकांचा ताळा घ्यायचो. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. एकाने मूळ यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नक्कल बघून खूण करायची. या कामात मी भलताच कडक. सुरुवात पहिल्या नंबरापासूनच. मध्येच कुणी अकरावा नंबर काढला की माझं डोकं फिरायचं. आधी पहिला, मग दुसरा, आणि शेवटचा शेवटी, हे मी इतक्या पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं आहे की माझं टोपणनावच 'पहिला मास्तर' पडलं. देवा मला यावरून चिडवायचा. मला त्या नावाचा आतून अभिमानच होता, हे इथे कबूल करतो.

अकरा वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले तेव्हा मी तांड्यावर होतो. त्यांच्यात बायका सुरात रडतात. मुलीच्या पाठवणीला सुरात रडतात त्याला ढावलो म्हणतात, तसंच मरणालाही गळ्यात गळा घालून, गेलेल्याचं एकेक आठवत, गाण्यासारखं रडणं. आलेली बाई घरातल्या प्रत्येक बाईला भेटते, आणि दोघी मिळून रडतात. त्या घरची आणखी एक रीत होती. दोघींनी एकदाच रडायचं. एकदा भेट झाली की त्याच दुःखावर त्या दोघींनी पुन्हा गळा काढायचा नाही. याडी म्हणायची, दुसऱ्यांदा रडलं तर जाणाऱ्याची वाट अडते. मी पुरुषांत बाहेर बसलो होतो. देवा शेजारी होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं काही म्हणतो आहे, म्हणून कान जवळ नेला.

"याडी, दोन बहिणी, अन् माही बायको. चौघी," तो पुटपुटला. "सहा जोड्या झाल्या. आता ढाणकीची आत्या आली. एक बाई आली अन् चार भेटी वाढल्या."

मी हादरलो. बापाला पोचवायला आलेला मुलगा बायकांच्या जोड्या मोजतो आहे! मी त्याचा दंड दाबला आणि काय चाललं आहे म्हणून दटावलं. त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"मले रडू येऊन नाही राह्यलं, वसंता. म्हणून मोजून राह्यलो."

मग तो म्हणाला, आत्या बघ, आधी कुणाकडे गेली. आत्या आधी सुनेकडे गेली, मग दोघी लेकींकडे, आणि याडीजवळ सगळ्यात शेवटी. ज्याचं दुःख सगळ्यात मोठं, त्याला शेवटी भेटायचं. देवा बराच वेळ तिकडेच बघत बसला. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो की देवाचं डोकं ठिकाणावर नाही.

त्याला त्या दिवशी काय दिसलं होतं ते त्याने मला पुढे वर्षभरात समजावलं. पट्टीवर सहा चौकटी आहेत असं धरा, प्रत्येकीत आरसे-कवड्यांची एक ओळ. पहिली आणि सहावी सारखी आहे का, दुसरी आणि पाचवी, तिसरी आणि चौथी. म्हणजे आत आत जाणाऱ्या तीन जोड्या. डोकी फक्त पुढे जाऊ शकतात, मागे येणं नाही. आता कुठल्याही दोन डोक्यांनी एक जोडी ताडून बघितली की त्या दोघांचं एकत्र काम संपलं. त्याहून आतली जोडी बघायची तर पुढच्या डोक्याला मागे यावं लागेल, बाहेरची बघायची तर मागच्याला. दोघांपैकी कुणालाच मागे येता येत नाही. म्हणजे दोन डोक्यांची भेट एकदाच, याडीच्या घरातल्यासारखी. दोन डोकी असतील तर एकच जोडी, तीन असतील तर तीन, चार असतील तर सहा. आणि एक डोकं वाढवलं की आधी जे मुळीच जमत नव्हतं ते जमायला लागतं. आता पुरे झाली, आणखी एकाने काय फरक पडणार, अशी वेळ कधी येतच नाही. हे जगात फार आधी सिद्ध झालं आहे, त्यात देवाचं काही नाही. पण ते मराठीत, कवड्या-आरशांच्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याला सांगायचं होतं.

म्हणून त्याने पुस्तक लिहायला घेतलं. आम्हा काही शिक्षकांचं एक छोटं मंडळ आहे, मुलांसाठी मराठीत शास्त्राच्या पुस्तिका काढतं. त्याने डोक्याला 'बोट' म्हटलं होतं. मी त्यावरही टिंगल केली, पण नंतर मला ते आवडलं. याडीकडून त्याने मुद्दाम एक पट्टी भरून घेतली, हातभर लांब, सहा चौकटींची. वर्गात बोटांऐवजी चिंचोके वापरायचा, म्हणजे मागच्या बाकावरच्यांनाही दिसतील. प्रत्येक प्रकरण मंडळात माझ्याकडे तपासायला यायचं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात सातवं प्रकरण आलं. त्यात लिहिलं होतं, तीन बोटांनी तिन्ही जोड्या ताडता येतात, कशा ते वाचकाने स्वतः करून बघावं. करून कसं बघायचं हे त्याने मुद्दाम दिलं नव्हतं.

मी करून बघितलं. जसं मी सगळं करतो तसं. पहिल्यापासून. एक बोट नेलं सहाव्या चौकटीवर, दुसरं ठेवलं पहिल्यावर, जोडी जुळली. सहाव्यावरचं बोट पट्टीच्या टोकाला जाऊन कामातून गेलं. उरली दोन बोटं, त्यांची एक जोडी. झाल्या दोन. तिसरी कुठून आणणार? भेटी एकदाच, हे यानेच मला शिकवलेलं. मी लाल पेनने समासात लिहिलं, 'हे होत नाही. तीन बोटांत दोनच जोड्या. लेखकाने मोजण्यात घाई केली आहे.' खाली सही. आणि मंडळालाही तसं लेखी कळवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असंही एक वाक्य त्या पत्रात आहे. मला ते तेव्हा फार चपखल वाटलं होतं.

देवाचा फोन आला. चिडलेला नव्हता. "तू लिवलं तेच खरं असन," तो म्हणाला. "पण एकडाव बोटं ठेवून पाह्य ना." मी म्हणालो, ठेवली, म्हणूनच लिहिलं. त्याने बरं म्हटलं. महिन्याभराने मंडळाला त्याचं दोन ओळींचं पत्र आलं की सातवं प्रकरण मागे घेत आहे. त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. निकालाच्या ताळ्यालाही आला नाही, काम आहे म्हणाला. मला वाटलं, रुसला. चूक दाखवली की माणसं रुसतात, आणि मास्तर लोक तर जास्तच. मीही हट्टाला पेटलो. माझं बरोबर आहे, मग मी का वाकू? आमच्यात चौदा महिने असे गेले. दिवाळीला फोन, संक्रांतीला मेसेज, बस.

तो जाण्याआधी तीन आठवडे तो अचानक माझ्या दारात उभा होता. खांद्याला कापडी थैली. मी मोटारसायकलला किक मारत होतो, पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आर्णीला आणि आधीच उशीर झाला होता. मागे बायको बसलेली. मला वाटलं, आला आता वाद घालायला. आत ये म्हणायच्या ऐवजी मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "देवा, ते प्रकरण संपलं ना आता?" तो हसला. त्याचं ते हसणं मला आता डोळे मिटले की दिसतं, आणि डोळे उघडे असले तरी दिसतं. म्हणाला, "संपलं. बोटं ठेवून पाह्यची होती एकडाव तुयासंगं. पण जाय तू, साक्षगंध आहे. घाई नाही." थैली त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि बसस्टँडच्या बाजूने निघाला. मी त्याला ओलांडून पुढे गेलो. आरशात बघितलंही नाही.

त्याला तांड्यावर नेलं त्या दिवशी मी पुन्हा पुरुषांत बाहेर बसलो होतो. आत सूर लागला. याडी, वहिनी, रोशनी, दोघी बहिणी. पाच जणी. माझ्याही नकळत मी मोजायला लागलो. दहा... शेजारच्या गावची मावशी आली. पंधरा. माझे डोळे कोरडे होते. ओठ हलत होते. दंड दाबायला शेजारी कुणी नव्हतं. निघताना याडीच्या पाया पडलो. ऐंशीच्या घरातली बाई, सबंध दिवस रडून घसा बसलेला. पुरुष माणसं पाया पडत होती तेव्हा त्यांच्याही गळ्यात पडून ती रडत होती. माझा हात मात्र तिने नुसता धरला, क्षणभर बघितलं, आणि सोडला. मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. पोराशी अबोला धरणारा हाच तो.

तेराव्यानंतर रोशनी दिग्रसला आली. ती यवतमाळला फार्मसी शिकते, वडिलांसारखीच कमी बोलते. तिच्या हातात तीच कापडी थैली होती. म्हणाली, बाबा ही घेऊन तुमच्याकडे आले होते, आणि तशीच परत आणली. थैलीत याडीची पट्टी होती, काडेपेटीत तीन चिंचोके होते, आणि सातव्या प्रकरणाची फाइल होती. माझा लाल शेरा वरच होता. त्याच्यामागे पेन्सिलीने भरलेले कागद. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, 'वसंता म्हणतो होत नाही. वसंता सहसा चुकत नाही. पुन्हा पाहतो.' मग आकृत्या. मग 'पुन्हा'. दुसऱ्या पानावर 'पुन्हा'. तिसऱ्यावर, चौथ्यावर. अरे, ज्याला मी रुसला समजत होतो तो माणूस माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवून आपली न झालेली चूक शोधत बसला होता! शेवटच्या पानावर तारीख होती, मंडळाला त्याचं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधीची. खाली लिहिलं होतं, 'होते. तपासले. त्याने पहिल्यापासून धरले म्हणून अडले.'

म्हणजे त्याला कळलं होतं. आपण बरोबर आहोत हे कळल्यावर दोन दिवसांनी त्याने प्रकरण मागे घेतलं होतं. मी रोशनीला विचारलं, काहून?

"मी पण हेच विचारलं होतं, काका," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, त्यानं सही करून लिवलं आहे सगळ्याइले. आता काकाची चूक छापून कायले दाखवायची? कधीतरी दोघं बसू, बोटं ठेवू, तो सोताच खोडन."

मी पट्टी टेबलावर पसरली. चिंचोके काडेपेटीतून काढले. रोशनीने एक उचलला. मी म्हणालो, पहिल्यावर. ती म्हणाली, नाही काका, पहिलं शेवटी ठेवायचं. मग ती सांगत गेली आणि मी सरकवत गेलो. एक चिंचोका नेला पाचव्या चौकटीच्या सुरुवातीला. दुसरा दुसऱ्या चौकटीवर. तिसरा पहिल्या चौकटीवर नुसता उभा, वाट बघत. आधी पाचवी आणि दुसरी. आरशाला आरसा, कवडीला कवडी, जुळली. आता पुढचा चिंचोका आपोआप सहाव्या चौकटीच्या तोंडाशी आलेला, आणि पहिल्यावरचा तिथेच थांबलेला. सहावी आणि पहिली. जुळली. पुढच्याचं काम संपलं. मागच्या दोघांपैकी एकाला नेलं चौथीवर, एकाला तिसरीवर. जुळली. तीन बोटं, तीन जोड्या. कुणीही मागे आलं नाही, आणि कुठलेही दोघं दुसऱ्यांदा भेटले नाहीत. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. दारात मोटारसायकल चालू ठेवून उभ्या उभ्या बघायचं म्हटलं असतं तरी झालं असतं. साक्षगंधाला पाच मिनिटं आणखी उशीर झाला असता, एवढंच.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी एकटा ते सगळं उलटसुलट आठवत बसलो. तो फोन, ते पत्र, ते दार. कितीही वेळा मागे गेलो तरी नवीन काही हाती लागत नव्हतं, आणि लागणार नाही हे मला विशीतच परीक्षेत आलं होतं. शेवटी थैली घेतली आणि तांड्यावर गेलो.

याडी अंगणात बाजेवर बसली होती. मी खाली बसून सगळं सांगितलं. माझी चूक, लाल शेरा, त्याने झाकून ठेवलं ते, दारातून परत गेला ते. यंत्राचं तिला किती कळलं असेल कोण जाणे. पण पट्टी तिच्या हातची होती. तिने ती मांडीवर घेतली आणि विचारलं, "तू कुठून धरलं होतं?"

"पहिल्यापासून, याडी."

"पयलं शेवटी असते रे, बापू," ती म्हणाली. "त्या दिवशी तुले कोणी सांगितलं नाही? तुयासंगं माह्यं राह्यलं आहे. तुले म्या शेवटी ठेवला."

मला काही कळायच्या आत तिचा हात माझ्या मानेभोवती आला आणि तिने सूर लावला. बसक्या घशातला, फाटलेला सूर. त्यात देवाचं नाव होतं, होस्टेलची खोली होती, आम्ही दोघांनी तिच्या हातची खाल्लेली भाकरी होती, आणि माझं नाव होतं. सगळे शब्द मला समजले नाहीत. पण पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझा बांध फुटला, आणि मी त्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो. रडताना हेही कळत होतं की ही भेट एकदाच, याच्यानंतर पुन्हा नाही. ती थांबेपर्यंत मी थांबलो नाही. मग तिने पदराने डोळे पुसले, उठली, पाणी प्यायली, आणि मलाही दिलं. पट्टी परत करायला लागलो तर म्हणाली, राहू दे तुयाजोळ.

सातवं प्रकरण पुस्तकात जाईल, त्याने लिहिलं तसंच, एक अक्षरही न बदलता. मंडळाला मी तसं कळवलं आहे. पण तेवढ्याने भागत नाही. काकाची चूक छापून कायले दाखवायची, असं देवा म्हणाला होता, आणि चौदा महिने स्वतःचं बरोबर उत्तर उशाशी घेऊन गप्प राहिला. म्हणून ती मीच इथे छापून दाखवतो आहे. तीन बोटांत तीन जोड्या होतात. मी सही करून खोटं लिहिलं होतं.

पट्टी माझ्या टेबलावर आहे. त्या दिवशी रोशनी गेल्यावर चिंचोके होते तसेच ठेवले होते, आणि तांड्यावरून आल्यावर पुन्हा त्याच जागी मांडले. एक पट्टी संपते तिथे, एक पाचव्या चौकटीच्या तोंडाशी, एक चौथीच्या. रोज सकाळी पेपर घेऊन बसतो तेव्हा बायको टेबल पुसायला येते आणि विचारते, हे उचलू का? मी म्हणतो, राहू दे, घाई नाही.